टेबल-टेनिस : पायांचा एकट्याचा अभ्यास

खासबागेच्या या कोल्हापुरांत ‘पवित्रा’ या शब्दाचा अर्थ सांगण्याची गरज नाहीं. तालमींतील मुलगा जोडीदाराची वाट न पाहतां पहांटे बैठका मारीत असतो. टेबल-टेनिसचा खेळाडू मात्र एकटा असला कीं भिंतीवर चेंडू मारीत बसतो. मीं एक सबंध पावसाळा तसा घालविला; हात चपळ झाला, पाय जागच्या जागीं राहिले, आणि एका प्रौढ गृहस्थांनीं टेबलाच्या दोन कोपऱ्यांत खेळवून मला सहज हरविलें.

१९५२ सालीं मुंबईच्या जागतिक स्पर्धेंत जपानचे हिरोजी सातो स्पंजच्या बॅटनें अजिंक्य ठरले. पुढें स्पंजमुळें खेळाचा वेग वाढला आणि पायांना मिळणारा अवधि आणखी आटला.

टेबलाची रुंदी ५ फूट. तेवढी रेघ खडूनें कोरड्या फरशीवर ओढावी. गुडघे किंचित् वांकवून, भार चवड्यांवर घेऊन, पायावरून पाय न ओलांडतां टोंकापासून टोंकापर्यंत सरकावें. प्रत्येक टोंकाला बॅट फिरवावी आणि लगेच पुनः पवित्रा घ्यावा. अर्धा मिनिट हालचाल, तितकीच विश्रांति. तोलासाठीं एका पायावर उभें राहून तोच फटका सावकाश मारून पाहावा. येथें बहुतेकांची फजिती होते. घरची मंडळी हंसतात, हंसूं द्यावें.

दिवा पाठीशीं ठेवल्यास भिंतीवर आपली सांवली दिसते. सांवलीचें डोकें खालींवर होऊं लागलें, कीं गुडघे सरळ होत आहेत असें समजावें. तें स्थिर राहूं लागल्यावर रेघ एक फुटानें वाढवावी.