पुस्तक जालावर चढवणारी शाळा



पत्रिकेत आजचा विषय ‘शाळेचं ग्रंथालय आणि मोफत ऑनलाइन साधनं’ असा छापला आहे. यातली बरीच साधनं तुम्हाला ठाऊक आहेत. सरकारचं ‘दीक्षा’ संकेतस्थळ २०१७ सालापासून आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचा मराठी विश्वकोश वाईहून मोबाइलवर आला. परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडची गोष्ट २०२० साली जगभर गेली, तिची उजळणी नको. १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय ज्या नाशकात आहे, तिथं ग्रंथालयाची थोरवीही मी गायला नको.

मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी जिथं जातो तिथं सांगतो. शाळेनं या साधनांतून नुसतं घेऊ नये, त्यांत भर घालावी. मराठीत घालावी, मुलांच्या हातून घालावी, आणि ते काम ग्रंथपालानं चालवावं.

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्यावर आपल्या जिल्ह्यातलं एखादं लहान गाव शोधून पाहा. तालुका, जिल्हा, हवामानाच्या चार ठरावीक ओळी, संपलं. त्या गावची शाळा, तिथला बाजार, देवीची जत्रा, विहिरी, पिकं हे कोण लिहिणार? त्याच गावची मुलं लिहू शकतात. पण त्याहूनही शाळेला जमण्यासारखं काम विकिस्रोताचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

विकिस्रोतावर जुनी पुस्तकं पानापानानं चढवतात. पडद्यावर एका बाजूला छापील पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला यंत्रानं वाचलेला मजकूर. यंत्र ‘घ’चा ‘ध’ करतं, रफार गाळतं, अनुस्वार भलतीकडे टाकतं. मुलानं चित्र पाहून मजकूर दुरुस्त करायचा. दुरुस्त न झालेलं पान लाल, एकदा तपासलेलं पिवळं, आणि दुसऱ्यानं पुन्हा तपासलं की हिरवं. आपलंच पान आपल्याला हिरवं करता येत नाही, त्याला दुसरा माणूस लागतो. शुद्धलेखनाचा याहून चांगला तास मला माहीत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा नियम फळ्यावर मुलाला कंटाळवाणा वाटतो. इथं त्याच्या वेलांटीवर वर्गातला मित्र बोट ठेवतो आणि दोघं मूळ पानाशी जाऊन भांडण मिटवतात.

कुणी म्हणेल, स्कॅन तर आहेच, मग टंकायचं कशाला? दृष्टिहीन मुलीला विचारा. नुसत्या चित्रातलं पान तिचा मोबाइल नीट वाचून दाखवू शकत नाही. युनिकोडातला मजकूर वाचून दाखवतो. पन्नास मुलांनी मिळून एक पुस्तक पुरं केलं, तर ते तिला पहिल्यांदा नीट ऐकता येतं.

आता पुस्तक कोणतं घ्यायचं? लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. ही मुदत आधी पन्नास वर्षं होती, रवींद्रनाथांचे हक्क संपत आले तेव्हा १९९२ साली ती वाढवली. म्हणजे आपल्या तात्यासाहेबांची, कुसुमाग्रजांची पुस्तकं, ते १९९९ साली गेले म्हणून, १ जानेवारी २०६० पर्यंत थांबतील. ती विकतच घ्यायची, आणि आनंदानं घ्यायची. (टाळ्या) पण साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचं सगळं लेखन २०११ सालापासून तुमचं-माझं आहे.

आणि ‘श्यामची आई’ तर नाशिकची आहे! १९३२ साली गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथं विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते भरभर उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्याला मिळाली ती त्या हातामुळे. विनोबांनी लिहून आणलेलं नव्हतं. समोर एक लिहिणारा बसला नसता तर ते शब्द त्या भिंतींतच राहिले असते. तोच लिहिणारा पुढं नाशिकच्या तुरुंगात आला. दिवसा तुरुंगातलं काम, रात्री लेखन. ९ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री आरंभ केला आणि १३ तारखेच्या पहाटे पुस्तक पुरं. एवढ्या गोष्टी पाच दिवसांत! धुळ्यात दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेणारा माणूस नाशकात स्वतःची आई उतरवून काढतो. मला यात मोठी गोष्ट दिसते. उतरवून घेणं हे हलकं काम नाही. मुलाला पान टंकायला बसवलं की ‘हे कारकुनी काम’ म्हणणाऱ्यांना मी धुळ्याचा तुरुंग दाखवतो. त्या पुस्तकावर अत्र्यांनी चित्रपट केला, तो...

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. (हशा) चित्रपट राहू द्या.

मागून एक बाई विचारताहेत, पेठ-सुरगाण्याकडे नेट कुठं आहे? बरोबर आहे. किविक्स नावाचं मोफत साधन आहे. अख्खा मराठी विकिपीडिया एकदा उतरवून पेनड्राइव्हवर नेता येतो आणि नेटशिवाय वाचता येतो. तपासायची पानं कागदावर छापून न्या, लाल शाईनं दुरुस्त करा, तालुक्याच्या गावी आलात की चढवा. वेळ लागेल, पण काम होईल.

दुसरी कुजबुज मला इथवर ऐकू येते आहे: आता मोबाइल मुलांच्या हातात द्या म्हणतात! मी तसं म्हणत नाही. ग्रंथालयातला एक संगणक, आठवड्याचा एक तास, शेजारी ग्रंथपाल. एवढंच मागतो. आणि शाळेच्या ग्रंथालयातल्या कुलूपबंद कपाटाला हसण्यापूर्वी हेही पाहा, की पुस्तक हरवलं तर भरपाई ग्रंथपालाच्या माथी येते. कुलूप भीतीचं आहे, आळसाचं नाही. कित्येक शाळांत तर ग्रंथपालच नाही, कुणीतरी शिक्षक जादा काम म्हणून किल्ली सांभाळतो. शिक्षण हक्क कायद्यात शाळेला ग्रंथालय हवं असं लिहिलं आहे. ते चालवायला माणूस हवा, हे आपण सगळ्यांनी मागितलं पाहिजे.

आता घाईनं दोन सूचना. कंपन्यांची मोफत साधनं भरवशाची नसतात. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा कितीतरी वर्ग वापरत होते, २०२४ च्या अखेरीस तो बंद झाला. मुलांचं काम आपल्याकडे साठवल्याशिवाय अशा साधनावर ठेवू नका. दुसरी, जे साधन मुलाचं नाव, जन्मतारीख, ईमेल मागतं तिथं पालकांना विचारल्याशिवाय जाऊ नका. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती बंधनकारक धरली आहे. विकिस्रोतावर खात्याला टोपणनाव चालतं, ईमेल द्यावाच लागत नाही.

एक राहिलं. हक्क संपून पुस्तक मुक्त झालं तरी त्याच्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टीपा, चित्रं दुसऱ्या कुणाची असतात. तेवढी सोडून द्या, जुनी आवृत्ती शोधा. ती तुमच्याच शाळेच्या कपाटात खालच्या कप्प्यात निघायची शक्यता फार. जलालपूरच्या लेकीनं, लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिलेलं काही सापडलं, तर नाशिकच्या शाळांनी ते आधी घ्यावं.

ज्या शाळांना जूनमध्ये सुरुवात करायची आहे, त्यांनी शाळेचं नाव आणि कपाटात सापडलेल्या जुन्या पुस्तकांची यादी मंचाच्या डाव्या हाताला ठेवलेल्या वहीत लिहावी. पुस्तकाचं साल आणि लेखकाच्या निधनाचं साल मात्र सोबत लिहा.