तंत्रशिक्षणास जोडविषय कोणता घ्यावा?

(विद्यार्थी व पालक यांच्या सभेत केलेले भाषण)



घरातील पहिली मुलगी इंजिनिअरिंगच्या महाविद्यालयात गेली, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे आपण समजता. पुढे महाविद्यालय तिला विचारते, "मायनर कोणता घेणार?" घरात या प्रश्नाचे उत्तर देणारे कोणी नसते, मग मैत्रीण जो विषय घेते तोच तीही घेते.

मायनर म्हणजे मुख्य पदवीस जोडून घ्यावयाचा दुसरा विषय. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीसाठी १६० क्रेडिट व मायनरसाठी आणखी २० क्रेडिट सांगितली आहेत. काही ठिकाणी तो आता पदवीतच बसविलेला असतो. म्हणून आपल्या विद्यापीठाचा छापील नियम मिळवून वाचा. वेगळी फी आहे काय, विषय मध्येच सोडल्यास मूळ पदवीस बाध येतो काय, हे लेखी विचारा. ही वकिलाची खोड समजा, पण विचारा.

संगणकाच्या विद्यार्थ्याने कृत्रिम बुद्धिमत्तेचा मायनर घ्यावयाचा, ही सध्याची रीत आहे. त्यात पाप नाही. परंतु जे आपल्याच विभागाच्या ऐच्छिक विषयांतून मिळते, त्यासाठी मायनर का खर्ची घालावा? मुख्य विषय जो प्रश्न विचारीतच नाही, तो विचारणारा विषय घ्यावा, असे माझे मत आहे.

स्थापत्याचा विद्यार्थी गटाराच्या नळाचा व्यास, उतार व पाण्याचा वेग काढावयास शिकतो. नळ तुंबल्यावर मॅनहोलमध्ये कोण उतरणार, हे त्या गणितात येत नाही. ते कायद्यात येते. २०१३ च्या कायद्याच्या ७ व्या कलमाने गटारे व सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास मनाई केली. गटारात मेलेल्याच्या कुटुंबास १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम ३० लाख करावी लागली. कोणत्या वस्तीतील माणूस आत उतरविला जातो, हे मी आपणांस सांगावयास नको. ज्या अभियंत्याने कायदा, सार्वजनिक आरोग्य किंवा समाजशास्त्र वाचले आहे, तो नकाशा काढतानाच यंत्रासाठी जागा ठेवील आणि निविदेत त्याचा खर्च धरील.

कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचा १९१५ च्या एम.ए.चा मुख्य विषय अर्थशास्त्र होता; त्यासोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र होते. जातिसंस्थेवरील त्यांचा निबंध मे १९१६ मध्ये वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे!

"याने नोकरी मिळेल काय?" असे एका मातेने मघाशी विचारले. बाई, केवळ मायनरने मिळणार नाही; पहिली नोकरी बहुधा मुख्य विषयावरच मिळते. ज्याचे मुख्य विषय राहिले आहेत त्याने आधी ते सोडवावेत, मायनरचे नावही काढू नये.

ही निवड बहुधा दुसऱ्या वर्षाच्या सुमारास करावी लागते. त्या आठवड्यात मुलीजवळ बसा. विषयांची नावे कळत नसतील, तर ती तिच्याकडून समजून घ्या.