दृष्ट नव्हे, दुखणे!
(पाबळ येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



आज आम्ही एका दुर्मिळ आनुवंशिक दुखण्याविषयी बोलणार आहोत. बाळ धडधाकट जन्मते. पण वर्षाच्या आतच त्याचे डोके भराभर वाढू लागते. "पोरगं हुशार निघणार," असे शेजारीपाजारी म्हणतात. मूल उशिरा का होईना, चालू लागते. पुढे हळूहळू पाय ताठरतात, तोल जातो, फिट्स येतात. डोक्याला किरकोळ मार लागला तरी प्रकृती एकदम खालावते. मग दृष्ट, बाहेरची बाधा, मागच्या जन्मीचे पाप अशी कारणे निघतात आणि बोल लागतो तो आईला.

मुंबईत डॉ. भीमसेन सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांचा बारकाईने अभ्यास केला. एमआरआयमध्ये मेंदूतील पांढरा भाग सुजलेला दिसे. त्यांनी 1991 मध्ये आणि पुढे 1996 मध्ये सविस्तर निष्कर्ष मांडले. नेदरलँड्समध्ये डॉ. व्हान डर क्नाप यांनी 1995 मध्ये याच रोगाचे वर्णन केले. त्याला थोडक्यात 'एमएलसी' म्हणतात. 2001 मध्ये त्याचे जनुक सापडले.

मुंबईतील बरीच मुले अगरवाल समाजातील होती. पुढे रक्ततपासणीत त्या समाजातील बहुतेक रुग्णांत जनुकाचा एकच बिघाड आढळला. म्हणजे तो एकाच पूर्वजाकडून आलेला. यात त्या समाजाचा दोष नाही. हा रोग इतर समाजांतही आढळतो. आई व वडील दोघांकडेही बिघडलेली एकेक प्रत असेल, तर दोघेही निरोगी राहतात. पण प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक असते. लग्ने एकाच वर्तुळात होत राहिली की अशा दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी 1916 मध्येच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात दाखवून दिले होते. आपल्याकडेही मामाची मुलगी करण्याची रीत आहे. तिचाही विचार व्हावा.

मग करायचे काय? डॉ. कलबाग यांनी 1983 मध्ये याच पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने करून शिकण्यासाठी. विद्यार्थ्यांनो, साधी टेप घ्या. जन्मतः डोक्याचा घेर सुमारे 34-35 सेंटीमीटर, वर्षाला सुमारे 45-46 असतो. दर महिन्याला मोजून लिहून ठेवा. घेर फारच वेगाने वाढला, तर डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक मोठे डोके म्हणजे एमएलसी नव्हे. डोक्यात पाणी साठलेले असेल, तर वेळेवर शस्त्रक्रियेने उपचार होतात.

एमएलसी पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. तरीही निदानाने पुष्कळ साधते. फिट्सवर औषधे मिळतात, डोके जपता येते, व्यायामाने हातपाय हलते राहतात, पुढच्या गरोदरपणात तपासणी करता येते. दुर्मिळ रोगांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणात मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय विशेष केंद्र आहे.

भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा केली. कारणाशिवाय कार्य नाही, ही त्यांचीच शिकवण. म्हणून गंडादोरा बांधण्याआधी टेप हाती घेऊ या, आणि त्या आईला बोल लावणे आजच थांबवू या.

जयभीम! नमो बुद्धाय!