जून उजाडण्याआधी



विशेष शिक्षक, थेरपिस्ट, मुख्याध्यापक आणि पालकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. अध्यक्षाने क्षेत्रातल्या सगळ्याच प्रश्नांचा धांडोळा घ्यावा अशी प्रथा आहे. मी मात्र आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर विशेष गरजा असलेली आपली मुले शाळेत परततात कशी?

जूनच्या मध्याला, विदर्भात उन्हामुळे थोडे उशिरा, आपल्या शाळा प्रवेशोत्सवाने उघडतात. फाटकाला तोरण, ढोल, लेझीम, औक्षण, फुगे. या उत्साहाबद्दल मला आदरच आहे. पण स्वमग्न मुलाला त्या सकाळी काय वाटत असेल? दीड महिना तो घरात किंवा मामाच्या गावी होता. नवा गणवेश टोचतो आहे, पत्र्यावर पाऊस वाजतो आहे, वर्ग बदलला, बाई बदलल्या, आणि दारातच ढोल. तो कानावर हात ठेवून जमिनीवर बसतो. मग पालकांच्या कानावर ते नेहमीचे वाक्य पडते : ‘‘थोडा रुळू दे, पंधरा दिवसांनी आणा.’’ पण ज्या जागी रुळायचे तिथून लांब ठेवले, तर मूल रुळणार कसे? त्या पंधरा दिवसांची दिवाळी होते, आणि काही मुले त्यानंतरही परत येत नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याबाबत स्पष्ट आहे. कलम 16 मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करण्याची अपेक्षा शाळेकडून ठेवते. कलम 31 लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयोगटातील मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देते. तयारी शाळेने करायची आहे, आणि ती जूनच्या पहिल्या घंटेच्या कितीतरी आधी.

सर्वांत मोठे नुकसान एप्रिलच्या शेवटी होते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मुलाला शू लागली की तो कसे सांगतो, कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, डब्यातले काय खातो, कोणाशेजारी बसला की त्याचा हात लिहायला वळतो, हे सारे वर्गशिक्षिकेने वर्षभर खपून ओळखलेले असते. इयत्ता बदलते आणि ते ज्ञान तिच्याजवळच राहते. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा फाइलमध्ये असतो. त्यात उद्दिष्टे असतात, पण शू कशी सांगतो हे नसते. जूनमध्ये नव्या बाई शून्यापासून सुरुवात करतात आणि ती किंमत मूल मोजते. म्हणून माझा आग्रह आहे की निकालाच्या दिवशी, आई समोर बसलेली असताना, जुन्या बाईंनी नव्या बाईंना एक पानभर माहिती लिहून द्यावी. तुकडी बदलायची असेल तर मुलाचा एक मित्र तरी त्याच्याबरोबर ठेवावा.

दुसरे, गर्दी येण्याआधी शाळा मुलाला भेटू द्या. पहिलीच्या मुलांसाठी राज्यात शाळा पूर्वतयारी मेळावे होतात, ‘पहिले पाऊल’ म्हणून ते गावोगावी पोहोचले आहेत. मग चौथीतून पाचवीत जाणाऱ्या आपल्या मुलाला रिकामा वर्ग, आपला बाक, स्वच्छतागृह, नळ दाखवणारी एक सकाळ का नसावी? आईच्या मोबाइलवर याच जागांचे आणि नव्या बाईंचे फोटो असावेत आणि ते रोज रात्री गोष्टीसारखे सांगावेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॅरल ग्रे यांनी ‘सोशल स्टोरीज’ची पद्धत मांडली, तिचा गाभाही काहीसा असाच आहे. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही.

पालकांनो, तुमच्याशीही थोडे बोलायचे आहे. सुट्टीत मूल वाढते. कॅलिपर आखूड पडतात. श्रवणयंत्राचा कानातला साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागते आणि मूल ते काढून ठेवते. पावसाळी दमट हवेत ते यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायला हवे. ही तपासणी मे महिन्यातच उरकून घ्या. अपस्मार असलेल्या मुलांच्या झोपेकडे विशेष लक्ष द्या. उशिरापर्यंतची जागरणे आणि मग एकदम सकाळची शाळा, यातून झटके वाढू शकतात. आठ-दहा दिवस आधीपासून झोपेची वेळ थोडी थोडी अलीकडे आणा. औषधाची वेळ मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.

पहिले काही दिवस अर्धा वेळ शाळा, हा उपाय काही मुलांना खरोखर मानवतो. पण मला त्याची धास्तीही वाटते, कारण अनेक ठिकाणी तो अर्धा वेळ वर्षभर चालतो. पूर्ण वेळ कधीपासून, ही तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठरवा. तारीख नसेल तर पालकांनी ‘हो’ म्हणू नये.

खुल्या अधिवेशनात मांडण्यासाठी मी कार्यवाहांकडे तीन मागण्यांचा ठराव देत आहे. शाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यात विशेष गरजा असलेल्या सर्व इयत्तांच्या मुलांसाठी पूर्वभेटीचा दिवस शासनाने परिपत्रकाने निश्चित करावा. प्रवेशोत्सवाच्या दिवशी प्रत्येक शाळेत एक शांत खोली आणि मागच्या दाराने प्रवेशाची मुभा असावी. आणि इतर मुलांना पुस्तके मिळतील त्याच दिवशी ब्रेल व मोठ्या टाइपातली पुस्तकेही मुलांच्या हाती पडावीत. ठरावात दुरुस्त्या सुचवायच्या असतील त्यांनी, विशेषतः पालकांनी, त्या दुपारच्या जेवणापूर्वी लिहून द्याव्यात.