जुनी फरशी आणि ती उजळणारे हात

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही पोलाद, वीज आणि धान्य यांविषयी बोलत असू. फरशीचा विषय कधी निघाला नाही. आज मी मोझेकच्या फरशीविषयी बोलणार आहे. देशाची संपत्ती कशाने वाढते आणि श्रमाची नोंद कोण ठेवतो, हे दोन्ही प्रश्न तिच्याशी निगडित आहेत.

टेराझो, म्हणजे आपल्या बोलण्यातील मोझेक, मूळचे व्हेनिसचे. संगमरवराच्या कामातून उरलेले तुकडे तेथील कारागिरांनी मसाल्यात बसवून घासले आणि त्यांतून ही फरशी जन्मली. आपल्याकडे स्वदेशीच्या प्रेरणेने 1922 साली मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी निघाली. स्वातंत्र्यानंतर सरकारी वसाहती, शाळा आणि सहकारी गृहसंस्था यांतून मोझेकच्या लाद्या सर्वत्र पसरल्या.

तीस-चाळीस वर्षांनी ही फरशी निस्तेज होते, आणि घरमालक ती उखडून चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवतो. वस्तुतः लादी बहुधा निकामी झालेली नसते. तिचा खडीचा वरचा थर साधारणपणे पाच-सहा मिलिमीटर जाडीचा असतो, आणि एका पॉलिशमध्ये त्यातील अल्पसा भागच झिजतो. फुटलेल्या कडा व बारीक छिद्रे त्याच रंगाच्या सिमेंटने भरावयाची आणि ते पक्के होईपर्यंत ओले ठेवावयाचे. मग पाणी सोडून मशीनने आधी साठ नंबरचा, नंतर एकशेवीस, दोनशेवीस, तीनशेवीस असा अधिकाधिक बारीक दगड फिरवावयाचा. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड घासून फरशी स्वच्छ धुवावयाची. एवढ्याने जुनी लादी पुन्हा उजळते. मात्र घाई करणारा ठेकेदार तीव्र ॲसिड ओततो. ते संगमरवर आणि सिमेंट दोन्ही खाते.

आता हिशेब पाहा. चांगली फरशी फोडून नवी बसवली, तर नव्या टाइल्सची किंमत, वाहतूक व मजुरी मिळून राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा वाढतो. फोडलेल्या फरशीचे मूल्य ढोबळ उत्पन्नातून कोणी वजा करीत नाही. पॉलिशचा खर्च पुष्कळ कमी, म्हणून आकड्यातील भरही कमी; परंतु त्या खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा असतो. नव्या टाइलमध्ये भट्टीचे इंधन आणि कारखान्याचे भांडवल यांचा वाटा मोठा. आकडा ज्याला प्रगती म्हणतो, तिच्यात देशाची शिल्लक घटलेली असू शकते. जतन हेही उत्पादनच आहे, हे आपण समाजवाद्यांनी ठासून सांगितले पाहिजे.

डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला होता. पॉलिशचे मशीन हे तसेच लहान यंत्र आहे: एक माणूस ते चालवतो आणि त्यातून रोजगार निर्माण होतो. पण यंत्र लहान आहे एवढ्याने ते कामगाराच्या मालकीचे होत नाही. पुष्कळदा मशीन ठेकेदाराचे असते, आणि नाक्यावरून आलेला मजूर रोजावर राबतो. पाण्यात उभे राहून तो विजेचे यंत्र हाताळतो. वायर जुनी असेल तर जीव धोक्यात. कोपऱ्यांत मशीन पोचत नाही, तेथे तो हातातल्या ग्राइंडरने कोरडेच घासतो. संगमरवरात सिलिका अल्प असते, परंतु वाळू आणि गारगोटीच्या खडीत ती भरपूर असते. ती धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर बरा करणारा उपाय नाही. फरशी उजळते आणि माणूस झिजतो. हा खर्च कोणाच्याही वहीत लिहिला जात नाही.

बांधकाम कामगारांसाठी संसदेने 1996 साली कायदे केले. इमारतीची दुरुस्तीही त्यांनी बांधकामात धरली आणि बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर बसवला. 2025 च्या नोव्हेंबरात श्रमसंहिता अमलात आल्या, त्यांतही उपकर आणि नोंदणी कायम आहे. नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवसांचे काम दाखवावे लागते. दोन दिवस या घरी आणि तीन दिवस त्या घरी राबणाऱ्या माणसाने ते कसे दाखवावे? काम त्याने केलेले असते. कागद मात्र त्याच्यापाशी नसतो.

म्हणून मी आपल्यापुढे तीन कामे ठेवतो. आपण ज्या गृहसंस्थेत राहतो, तिच्या सभेत फरशी उखडण्यापूर्वी पॉलिशचा अंदाज मागवावा. पॉलिश करणाऱ्याला कामाच्या तारखा लिहिलेली सहीची पावती द्यावी, आणि अशा पावत्या जमवून प्रत्येक नाक्यावर नोंदणीचे शिबिर भरवावे. तिसरे असे की, काम ओलेच व्हावे, कोपऱ्यांतसुद्धा. आणि मुखपट्टी, रबरी बूट, हातमोजे व सुरक्षित वायर यांचा खर्च मजुरीतून न कापता काम देणाऱ्याने सोसावा.

ही कामे लहान आहेत, त्यांसाठी सत्ता हाती येण्याची वाट पाहावी लागत नाही. येथून घरी गेल्यावर आपल्या पायांखालची फरशी एकदा पाहा. ती शेवटची कोणी घासली, त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे का, एवढे स्वतःला विचारा. आपल्या कामाची सुरुवात तेथून होईल.