म्हातारा राखणदार

पाटण खोऱ्यात वस्तीवरचा कुत्रा म्हणजे घरचाच गडी. साधारण आठव्या वर्षानंतर तो थकू लागतो. डोळ्यांवर पांढरट झाक येते, उठताना मागचे पाय लटपटतात. कोयनाकाठच्या पावसाळी गारठ्यात सांधे जास्तच आखडतात. निजायला कोरडं पोतं तरी द्या. आपली डोकेदुखीची गोळी मात्र कधीच देऊ नका, ती त्याला विष ठरू शकते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. मोठ्या दुखण्याला जिल्ह्यातच शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तो गेल्यावर घास उतरत नाही, पोरं रडतात. रडू द्या, त्यात लाजायचं काय? नव्या पिल्लाची घाई नको. आणाल तेव्हा ते तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या.