भिंतीकडेचा वाफा



आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. शेतात कापूस, अन् भाजी मात्र बाजारातून विकत! आम्हांला हे पटत नाही. घराच्या कडेला दहा फूट जागा असली तरी हिवाळाभर सांबार, पालक, मेथी निघते.

पण वाफा भिंतीला चिकटून करू नका. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. भिंतीपाशी रोज पाणी पडले तर पाया हलतो. घरकुलाच्या पक्क्या भिंतीलाही भेग जाते. मातीच्या भिंतीचे तर विचारूच नका. ओल वर चढते, वाळवी लागते, अन् झडीच्या पावसात भिंत बसते. भिंतीच्या आत पोरे निजलेली असतात. म्हणून दोन हात जागा सोडा. त्या जागेचा उतार बाहेर ठेवा.

वाफा अडीच फूट रुंद, एक फूट उंच. कड पडक्या विटांची चालते. नुसती काळी माती भरली तर ती वाळून दगडासारखी होते. दोन टोपल्या माती, एक टोपली रेती, एक टोपली कुजलेले शेणखत, असे कालवा. ताज्या शेणाने हुमणी येते.

पूर्वेची बाजू बरी. पश्चिमेची भिंत दुपारी तापते, कोवळे रोप होरपळते. वालाचा वेल भिंतीवर नको. पऱ्हाटीचा मांडव करा. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी वाफ्याला घाला, साबणाचे नको.

दसरा झाला की पेरा. धणे मात्र आधी रगडून घ्या. एका धण्याच्या दोन फाकी होतात, अन् दोन्ही उगवतात.